सरकार कशासाठी आणि कोणाचे?

एका परिसराच्या इतिहासातून शासनप्रकारांची ओळख

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील एका गावी शासकीय योजनांची माहिती देण्यासाठी प्रस्तुत लेखक गेला होता. देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली होती. योजना सांगून झाल्या, पत्रके वाटून झाली. तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेले एक वृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले, "सायेब, मघापासनं तुमी सरकार सरकार म्हंताय. ह्ये सरकार म्हंजी नेमकं कोन?"

प्रश्न सोपा वाटला. विधिमंडळ कायदे करते, मंत्रिमंडळ धोरण ठरवते, प्रशासन त्याची अंमलबजावणी करते आणि न्यायालये न्याय देतात, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर मी दिले. आजोबांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते बराबर हाय. पन पान्याचा टँकर आला न्हाई, तर मी इचारायचं कुनाला?"

सभेत हशा पिकला. त्या दिवशी ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, पंचायत समिती असा क्रम सांगून वेळ निभावून नेली. परंतु प्रश्न मात्र मनात राहिला. शासनसंस्थेविषयी विद्वानांनी जी ग्रंथसंपदा निर्माण केली आहे, तिचा गाभा या दोन प्रश्नांतच आहे, असे पुढे विचार करता जाणवले. सरकार कोण, हा शासनाच्या प्रकाराविषयीचा प्रश्न होय. जाब कोणाला विचारायचा, हा त्या प्रकाराची कसोटी पाहणारा प्रश्न होय. या कसोटीवर निरनिराळे शासनप्रकार तपासून पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या परिसराने गेल्या तीनशे वर्षांत राजेशाही, परकीय सत्ता, संस्थानी स्वराज्य, प्रतिसरकार आणि लोकशाही असे शासनाचे बहुतेक सर्व प्रकार अनुभवले आहेत.

शासनाची प्रयोजने

माणसांना शासनाची गरज का भासली? प्राचीन भारतीय राजनीतीने याचे उत्तर 'मत्स्यन्याय' या एका शब्दात दिले आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, त्याप्रमाणे बलवान दुर्बळाला गिळू लागला की समाज टिकत नाही. म्हणून सर्वांच्या वतीने दंड धारण करणारी एक सत्ता हवी. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. या सात अंगांत राजा हे एक अंग आहे, आणि जनपद, म्हणजे भूमी व तिच्यावरील प्रजा, हेही एक अंग आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शासनाची प्रयोजने स्थूलमानाने चार सांगता येतील. पहिले प्रयोजन संरक्षणाचे : बाहेरच्या शत्रूपासून आणि घरच्या गुंडापुंडांपासून. दुसरे न्यायाचे. बांधाचा तंटा भाऊबंदांनी कुऱ्हाडी घेऊन सोडवायचा की सर्वांना मान्य असलेल्या नियमाने, हा तो प्रश्न. तिसरे प्रयोजन सार्वजनिक कामांचे. रस्ता, पूल, धरण, साथीच्या रोगांचा प्रतिबंध ही कामे कोणा एकट्याच्या आवाक्यातली नसतात. एखाद्याने स्वतःच्या घरासमोर रस्ता केला, तरी तो बाजारापर्यंत पोहोचत नाही. चौथे प्रयोजन कल्याणाचे. जो जन्माने, जातीने, गरिबीने वा आजाराने मागे पडला, त्याला हात देणे. भारतीय राज्यघटनेच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे प्रामुख्याने या चौथ्या प्रयोजनाशी निगडित आहेत.

ही प्रयोजने बहुतेक सर्वच राज्यकर्ते तोंडाने मान्य करतात. त्यामुळे केवळ उद्दिष्टांच्या घोषणेवरून शासनाची पारख होत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. सत्ता कोणाच्या हाती आहे? ती कोणत्या नियमाने चालते? आणि ती चुकली तर तिला जाब कोण विचारू शकतो? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने एकाची, थोड्यांची आणि अनेकांची अशी सत्तेची तीन प्रकारांत विभागणी केली होती आणि यांपैकी प्रत्येक प्रकार सर्वांच्या हितासाठी चालला तर चांगला, सत्ताधाऱ्यांच्या हितासाठी चालला तर विकृत, असे म्हटले होते. चांगल्याचे विकृतात रूपांतर कशाने रोखायचे, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शेकडो वर्षे माणसाला छळत राहिला.

राजा चांगला असेल तर

राजेशाहीत चांगले शासन असूच शकत नाही, असे महाराष्ट्राच्या माणसाने तरी म्हणू नये. १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. सैन्याने रयतेला उपद्रव देऊ नये, लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, दाणागोटा आणि वैरण जपून वापरावी, अशी बारीकसारीक ताकीद त्या पत्रात आहे. शासनाचे पहिले प्रयोजन संरक्षणाचे. परंतु रक्षकापासूनही रयतेचे रक्षण करावे लागते, हे ज्याला उमगले, असा तो राजा होता.

अशा राजाच्या पश्चात काय, हा राजेशाहीपुढचा कठीण प्रश्न असतो. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठी राज्याची राजधानी बनली. १७४९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कारभाराची सूत्रे पुण्यास पेशव्यांकडे गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. प्रतापसिंह हे कर्तबगार राजे होते. शाळा, छापखाना, रस्ते आणि शहराचा पाणीपुरवठा या कामांत त्यांनी जातीने लक्ष घातले. तरीही १८३९ मध्ये कंपनी सरकारने त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर आणले. १८४८ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसी याने दत्तकविधान नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केलेल्या संस्थानांत पहिला क्रमांक साताऱ्याचा लागला.

या साऱ्या उलथापालथीत सातारच्या प्रजेचे मत कोणी विचारले नाही. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून कंपनीच्या संचालकांपुढे व पार्लमेंटच्या सभासदांपुढे दाद मागत राहिले. ते रिकाम्या हातांनी परतले. चौदा वर्षांच्या त्या खटाटोपाचा अर्थ स्पष्ट आहे. सत्ता साताऱ्यात चालत होती. तिला जाब विचारण्याची जागा मात्र सातासमुद्रापलीकडे होती, आणि तिथेही ऐकणारे कोणी नव्हते.

नियमाचे राज्य, परंतु परक्यांचे

इंग्रजी अमलाने या भागाला जमिनीची मोजणी, लेखी कायदे, न्यायालये, टपाल आणि रेल्वे दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. राजाच्या मर्जीऐवजी छापील नियम आला. पण तो नियम करणारे सरकार इथल्या माणसांना उत्तरदायी नव्हते. कलेक्टर गव्हर्नरला, गव्हर्नर व्हाइसरॉयला आणि व्हाइसरॉय लंडनमधील भारतमंत्र्याला उत्तर देत असे. या साखळीची सगळी टोके वरच्या दिशेने होती.

त्याचे परिणाम दुष्काळात दिसले. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु खर्चाला आळा घालण्यासाठी मजुरी इतकी कमी केली की मजुराला दिवसाकाठी सुमारे अर्धा शेर धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर खडी फोडावी लागे. हा दर ठरविणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांच्या नावानेच ही मजुरी ओळखली जाऊ लागली. मजुरांनी कामावर बहिष्कार घातला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. अर्ज करणे एवढेच त्या काळी हाती होते. अर्ज फेटाळला तर तो फेटाळणाऱ्याला पदावरून दूर करण्याचा कोणताही मार्ग प्रजेकडे नव्हता. त्या दुष्काळात दक्षिण आणि पश्चिम भारतात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली.

औंधचा प्रयोग

या परिसरात इंग्रजी मुलखाला लागून लहानमोठी संस्थाने विखुरलेली होती. त्यांपैकी औंध हे एक. गावे ७२, लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि मुलूखही सलग नाही : औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडील गुणदाळ असे तुकडे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात या घराण्यास 'प्रतिनिधी' हे पद मिळाले होते. या पदाचा मूळ अर्थ राजाचा प्रतिनिधी असा. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून सर्वदूर परिचित होते. औंधचे प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय ही त्यांचीच देणगी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कुंडलच्या माळावर १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा देणारेही तेच.

१९३८ च्या अखेरीस या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचा मनोदय जाहीर केला. युवराज अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून परतले होते. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते या कामी त्यांचे सहकारी झाले. महात्मा गांधींशी विचारविनिमय करून स्वराज्याची घटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. प्रत्येक गावाने प्रौढ मतदानाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींचे विधिमंडळ बनावे, अशी ती रचना होती. मंत्री या विधिमंडळाला जबाबदार होते. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा घालण्यात आली. महसुलाचा मोठा वाटा गावांच्या कामासाठी ठेवण्यात आला. आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही खुल्या कारागृहाची वसाहत सुरू झाली, ती याच काळात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचलेला आहे.

शेजारच्या इंग्रजी मुलखात त्या वेळी मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. औंधच्या गावातला मोलमजुरी करणारा माणूस मात्र आपला पंच निवडू लागला. पिढ्यान्‌पिढ्या 'प्रतिनिधी' हे बिरुद मिरविणाऱ्या घराण्याने त्या शब्दाला नवा अर्थ मिळवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. संस्थानावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता कायम होती. शिवाय हे स्वराज्य राजाच्या औदार्यातून आले होते. प्रजेच्या स्वतःच्या अधिकारातून आलेले नव्हते. जे दान म्हणून मिळते, ते दात्याच्या वारसाने परत मागितले तर काय, ही शंका उरतेच. तथापि, निरक्षर गावालाही स्वतःचा कारभार करता येतो, हे औंधने प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढे ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

प्रतिसरकारचा काळ

औंधमध्ये स्वराज्याचा हा प्रयोग चालू असतानाच, १९४२ च्या आंदोलनानंतर, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४३ पासून १९४६ पर्यंत अनेक गावांत इंग्रजी अंमल जवळजवळ निष्प्रभ केला. या सरकारला कचेरी नव्हती, मुद्रा नव्हती, खजिना नव्हता. पण त्याची न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती आणि लोकांचा पाठिंबा होता. कोर्टात वर्षानुवर्षे रखडलेले तंटे गावच्या पारावर मिटले. सावकारी, दारू आणि लग्नातील उधळपट्टी यांना आळा बसला.

शासनाचा अधिकार अखेर लोकांच्या मान्यतेतून येतो, हा धडा प्रतिसरकारने घालून दिला. इमारत, गणवेश आणि तिजोरी ज्याच्याकडे होती, त्या सरकारला लोक मानीनासे झाले. ज्याच्याकडे यांपैकी काही नव्हते, त्याचा शब्द झेलू लागले. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते लढ्यातील सरकार होते. खबऱ्यांना आणि गावगुंडांना त्याने दिलेल्या शिक्षा कठोर होत्या, आणि त्या शिक्षांवर अपील करण्यासाठी वरचे न्यायालय नव्हते. कार्यकर्त्यांच्या निःस्वार्थीपणामुळे बराच अनर्थ टळला. परंतु स्थिर काळात एखाद्याच्या सचोटीवर विसंबून न्याय चालू शकत नाही. त्यासाठी लिखित नियम, स्वतंत्र न्यायाधीश आणि दाद मागण्याची वाट लागते.

प्रजेचे नागरिक झाले

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि प्रजा या शब्दाची जागा नागरिक या शब्दाने घेतली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताचा समान अधिकार मिळाला. १९८९ पासून ही वयोमर्यादा अठरा वर्षे झाली. कोणा राजाने दिलेले हे दान नव्हे. 'आम्ही भारताचे लोक' यांनी स्वतः स्वतःस अर्पण केलेली ही घटना असल्यामुळे, औंधच्या बाबतीत उरलेली शंका येथे उरत नाही.

लोकशाहीचेही अनेक प्रकार आहेत. ब्रिटन आणि जपान येथे राजपद आहे, पण राज्यकारभार निवडून आलेले मंत्रिमंडळ करते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांच्या निश्चित मुदतीसाठी निवडला जातो आणि कायदेमंडळातील बहुमतावर त्याचे पद अवलंबून नसते. फ्रान्समध्ये १९५८ पासून राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान अशी मिश्र रचना आहे. स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचे मंडळ कारभार पाहते आणि तेथील पन्नास हजार नागरिकांनी सह्या केल्यास संसदेने केलेला कायदा सार्वमतास टाकावा लागतो.

आपण संसदीय पद्धती स्वीकारली. या पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेला, आणि राज्यात विधानसभेला, सामुदायिकरीत्या जबाबदार असते. सभागृहाचा विश्वास गेला की सरकार जाते. १७ एप्रिल १९९९ रोजी केंद्रातील सरकार अवघ्या एका मताने पराभूत झाले आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. स्थैर्याच्या दृष्टीने ही पद्धती कधी कधी गैरसोयीची ठरते, परंतु रोज जाब देण्याची सक्ती हे तिचे बलस्थान आहे. घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देणारी पद्धती म्हणून तिचा पुरस्कार केला होता.

केवळ लोकशाही हे नाव असले म्हणजे जाब विचारण्याची सोय आपोआप टिकते, असे मात्र नाही. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधकांना तुरुंगात टाकण्यात आले आणि प्रश्न विचारणेच अवघड झाले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी सरकार बदलले. प्रश्न विचारण्याची तोंडे बंद झाली, तरी मतपेटीची वाट खुली राहिली होती.

दोन दुष्काळ

शासनाच्या प्रकाराने सामान्य माणसाच्या जीवनात खरोखर काय फरक पडतो, हे पाहायचे असेल तर १८७६ च्या दुष्काळाशेजारी १९७२ चा दुष्काळ ठेवून पाहावा. पाऊस दोन्ही वेळी रुसला. माण, खटाव, आटपाडीची माळराने दोन्ही वेळी करपली. परंतु १९७२-७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर पोहोचली. हाल झाले, गुरे विकावी लागली, परदेशातून आलेल्या धान्यावर दिवस काढावे लागले. पण १८७६ प्रमाणे गावेच्या गावे मृत्यूच्या दाढेत गेली नाहीत. विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, वृत्तपत्रे कामांवरील गैरव्यवस्था छापत होती, मजुरांचे मोर्चे तहसील कचेरीवर जात होते आणि पुढे निवडणूक होती. जिथे वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत आणि निवडणुका खऱ्या आहेत, तिथे मोठे भूकबळी पडत नाहीत, असा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी मांडला. त्याच्या पुष्टीसाठी महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा दाखला दिला जातो.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना साकारली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मिळणे ही सरकारची कृपा न राहता मागणाऱ्याचा हक्क बनला. २००५ मध्ये देशपातळीवर झालेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

सत्ता दारापर्यंत

लोकसभा दिल्लीत, विधानसभा मुंबईत. मग गावातल्या माणसाने जाब कुठे विचारायचा? या अडचणीवरचा उपाय म्हणून सत्तेची विभागणी करण्यात आली. संघराज्य पद्धतीत केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या सूची वेगळ्या असतात. त्याही खाली उतरून महाराष्ट्राने १ मे १९६२ पासून पंचायत राज्य सुरू केले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला होता. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म याच परिसरातील देवराष्ट्रे येथला. औंधच्या घटनेतील गाव, तालुका आणि राज्य ही चढती भाजणी आणि पंचायत राज्याची ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही रचना यांतील साम्य सहज ध्यानात येते. फरक हा की औंधमध्ये वरच्या पायऱ्यांवरील प्रतिनिधी खालच्या पायरीवरून निवडले जात. आज तिन्ही ठिकाणचे सदस्य मतदार थेट निवडतात.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेचे संरक्षण दिले, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने देशभर मिळाला. साध्या कागदावर अर्ज केला तरी सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखले, उतारे आणि परवानग्या ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क ठरला. मुदत टळली तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्याला दंड होऊ शकतो.

या सर्वांचा पाया म्हणजे ग्रामसभा. दिल्ली आणि मुंबई येथील सभागृहांत आपले प्रतिनिधी बसतात. ग्रामसभेत मात्र मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती स्वतः सभासद असते. तिथे सरपंचाला जमाखर्च विचारता येतो, लाभार्थ्यांची यादी वाचून घेता येते, चुकीचे नाव गाळण्याची मागणी करता येते. कामावर देखरेख ठेवण्याचा हा अधिकार वापरण्यासाठी शिक्षणाची वा मालमत्तेची कोणतीही अट नाही. अडचण एवढीच की गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, किंवा सही-अंगठ्याचे पुस्तक घरोघरी फिरते आणि सभा कागदावर भरते. रंगो बापूजींना चौदा वर्षे सातासमुद्रापलीकडे राहूनही जे मिळाले नाही, ते आज गावच्या देवळाच्या मंडपात मिळते; पण त्यासाठी तिथवर चालत जावे लागते.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

त्या वृद्ध शेतकऱ्याला त्या दिवशी पुरेसे उत्तर देता आले नाही, याची रुखरुख आजही वाटते. आज ते भेटले तर सांगेन, "बाबा, टँकर आला नाही तर ग्रामसभेत सरपंचांना विचारा, पंचायत समितीत तुमच्या सदस्याला विचारा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एवढे करूनही उत्तर आले नाही, तर मतदानाच्या दिवशी ते ध्यानात ठेवा. आणि सरकार कोण, असे विचाराल तर त्या दिवशी उठून प्रश्न विचारणारे तुम्ही, त्याला उत्तर देण्यास बांधलेला मी आणि त्या मंडपात बसलेले सगळे मिळून सरकार होते."

राजाची सदर, कलेक्टरची कचेरी, औंधचे विधिमंडळ, प्रतिसरकारचा पार आणि आजची ग्रामसभा या सर्व ठिकाणी या परिसरातील माणसाने आपले गाऱ्हाणे मांडले आहे. फरक पडत गेला तो गाऱ्हाणे विनंतीचे असावे की हक्काचे, यात. इथपर्यंत पोहोचायला तीनशे वर्षे लागली. पुढच्या ग्रामसभेची दवंडी होईल तेव्हा वाचकांनी हे आठवावे आणि सतरंजीवर आपली जागा रिकामी ठेवू नये.